चौकशी

विट्याच्या स्टँडवर माझ्या खिडकीवर पाटी आहे: चौकशी.
काचेला बोलण्यापुरतं एक गोल भोक.
त्यातून दिवसाला दोन-तीनशे प्रश्न आत येतात
आणि उत्तर देण्याचा मला पगार मिळतो.
तक्रार करायची तरी कुणाकडे?

आटपाडी? दहा पंचवीस. भिवघाट मार्गे.
कराड? कडेगाववरून, फलाट एक.
काम झालं तरी माणूस हलत नाही.
मान जरा तिरकी होते.
ती तिरकी मान मला गर्दीतही ओळखू येते.
"ताई, राग मानू नका, पण..."

उजव्या कानापासून हनुवटीपर्यंत
काळ्या द्राक्षाच्या रंगाचा डाग.
जन्मलेय तशी आहे.
एवढंच उत्तर. तीन शब्द.
पण ते कुणाला पुरत नाही.

भाजलं का? नवऱ्यानं?
वाढतो का? पोरांत उतरतो का?
एकीनं तर बोट लावून बघायला हात पुढं केला,
नख काचेवर टक्कन वाजलं.
कोइमतूरहून जत्रेला आलेला गलाईवाला म्हणाला,
"आमच्या तिकडं लेसर करतात.
सोनं कसं, आच दिली की मळ सुटतो."
मी म्हटलं, पळा, तुमची गाडी लागली.
लागली नव्हती.

हेच माझं हत्यार. वेळापत्रक.
प्रश्न आला की गाडी सांगायची.
कधी कंटाळा आला तर थापही मारते.
एकदा सांगितलं, गांधीलमाश्या.
एकदा सांगितलं, नवसाचा आहे,
तर म्हातारीनं काचेपलीकडून हात जोडले
आणि दिवसभर मलाच चोरट्यासारखं झालं.

छातीवर बिल्ला आहे, वैजयंता मुळीक, वाहतूक नियंत्रक.
तो वाचायला नजर डागाच्या खाली उतरावी लागते.

एक प्रश्न मात्र खिडकीत ठेवून येता येत नाही.
"ग्रहणात आईनं काही चिरलं होतं का?"
हा प्रश्न सहाच्या गाडीनं माझ्याबरोबर लेंगऱ्याला येतो,
माझ्या आधी उतरतो,
चुलीपुढं बसलेल्या आईला जाऊन विचारतो.
तिनं त्या दिवशी वांगं चिरलं होतं म्हणे. एक. बारकं.
सदतीस वर्षं झाली.
अजून ग्रहण लागलं की ती भिंतीला पाठ लावून बसते,
हात मांडीवर उताणे,
कुणाला इजा होऊ नये म्हणून
सुटेपर्यंत पाणीसुद्धा पीत नाही.
आता कोण आहे गं तुझ्या पोटात, मी ओरडले होते एकदा.
ती म्हणाली, तूच.

परवा दुपारी, गर्दी ओसरल्यावर,
एकजण आला. पांढरा सदरा, हातात फवारणीच्या औषधाची पिशवी.
तोंडावर टॉवेल.
बोलायला टॉवेल खाली घेतला
आणि कपाळ, पापण्या, ओठांच्या कडा,
सगळं दुधासारखं पांढरं,
मधेमधे मूळ रंगाची बेटं.
"मायणी किती वाजता?"
माझ्याकडं त्यानं बघितलं. साधं. जसं घड्याळाकडं बघतात.

आणि मी,
मी, जिला सगळं माहीत आहे,
माझी मान तिरकी झाली.
मला ती झालेली कळली.
"राग मानू नका," माझ्या तोंडून गेलं,
"हे तुमचं लहानपणापासून?"

भोकातून प्रश्न बाहेर जाताना
पहिल्यांदाच पाहिला.
वाईट हेतू नव्हता त्यात.
नुसती भूक होती,
उघड्या डब्याकडं बघणाऱ्या माणसाची असते तशी.

तो थोडा थांबला.
मग त्याच आवाजात, ना कमी ना जास्त,
"मायणी किती वाजता?"

पाऊण वाजता, मी म्हटलं. फलाट तीन.
त्यानं मान डोलावली. टॉवेल मात्र परत वर घेतला नाही,
तसाच खांद्यावर टाकला आणि गेला.

पाऊण वाजला. गाडी आलीच नाही.
माईक ओढून मी सांगितलं
की मायणी वडूज गाडी वीस मिनिटं उशिरा धावत आहे,
आणि प्रवाशांची गैरसोय झाल्याबद्दल दिलगीर आहोत.
ते वाक्य मी दोनदा म्हटलं.
एरवी एकदाच म्हणते.